सर्वस्वाचा हिशेब

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या मुलखातले गाव. रोवणीची धांदल ओसरली की या मुलखात संध्याकाळी खंजिरीचा नाद ऐकू येतो आणि भजनाला माणसे जमतात. देवाला सर्वस्व वाहावे, हे येथे कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. मात्र सर्वस्व म्हणजे नेमके काय आणि त्याचे मोल कोणी मोजायचे, हा प्रश्न भजन संपल्यानंतरच उभा राहतो. ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही.

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग याच जिल्ह्याच्या उत्तर भागातून जातो. १८९३ च्या सुमारास त्या मार्गाने निघालेल्या एका गाडीत नारायण वामन टिळक बसले होते. पाठ्यपुस्तकांतून फुलामुलांचे कवी म्हणून पुढे परिचित झालेले हे गृहस्थ तेव्हा धर्मचिंतनाने अस्वस्थ झालेले तरुण विद्वान होते. एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. निरोप घेताना त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बहुतेकांच्या लेखी समर्पणाची कथा येथे संपते. वस्तुतः ती येथे सुरू होते. संपूर्ण अंतःकरणाने, संपूर्ण जिवाने, संपूर्ण बुद्धीने आणि संपूर्ण शक्तीने देवावर प्रीती करावी, ही येशूने सर्वांत मोठी मानलेली आज्ञा आहे. तिच्यातील ‘संपूर्ण’ हा शब्दच अवघड आहे. सर्व आज्ञा पाळणारा एक श्रीमंत मनुष्य येशूकडे आला, परंतु मालमत्ता विकून गरिबांना देण्याचे ऐकताच खिन्न होऊन परत फिरला, अशी कथा शुभवर्तमानात आहे. तो मनुष्य दुष्ट नव्हता. त्याने बरेच काही दिले असते. सर्व मात्र त्याच्याने देववले नाही.

टिळकांच्या त्यागाचे मोल प्रथम मोजावे लागले ते त्यांच्या पत्नीला. लक्ष्मीबाईंना न विचारता घेतलेल्या या निर्णयामुळे सुमारे पाच वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली आणि लहान मुलासह त्यांना आप्तांच्या आश्रयाने राहावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे दुःख लपविलेले नाही. एकाने देवाला सर्वस्व वाहिले म्हणून दुसऱ्याचा संसार आपोआप वाहिला जातो काय? भक्तीचा गौरव करताना हा प्रश्न वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. टिळकांच्या बाजूने एवढे सांगता येते, की लक्ष्मीबाई परतल्यावर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. त्या सोवळे पाळीत, वेगळा स्वयंपाक करीत. पुढे जातिभेदाची निरर्थकता त्यांची त्यांनाच पटली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विवेकाने. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे काम बहुतांशी त्यांनीच केले.

टिळकांचा दुसरा त्याग पहिल्याइतका गाजला नाही. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांची अनेक वर्षे गेली. अध्यापन, ‘ज्ञानोदया’तील लेखन, भजने आणि कीर्तने असे ते कार्य होते. मान होता आणि दरमहाचे वेतनही होते. परंतु पगार घेऊन केलेली ईश्वरसेवा त्यांच्या मनाला बोचू लागली. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे मानणाऱ्या टिळकांना तो मार्ग परका नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पहिल्या वेळी टिळकांनी जात आणि गोत सोडले, दुसऱ्या वेळी ज्या संस्थेने आसरा दिला तिची सुरक्षितता सोडली. पहिल्या त्यागाने मनुष्याचा धर्म बदलतो, दुसऱ्याने मनुष्य बदलतो. दरमहा वेतनावर जगणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला नोकरी सोडण्याचा उपदेश यातून निघत नाही. घरातल्यांना विश्वासात न घेता केलेला त्याग अपुराच असतो, हे लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावरून दिसतेच. प्रश्न एवढाच, की हजेरीपटावर सही झाल्यावर मन त्या कामात असते काय? लाखांदूरच्या शाळेत एखादा शिक्षक टिळकांची कविता शिकवील, तेव्हा अर्थासोबत या कवीचे आयुष्यही त्याने मुलांना सांगावे. अर्ध्या मनाने देवाजवळ जाता येत नाही, आणि वर्गातही नाही.