काँटेसा ३२ : अरुंद, म्हणूनच भरवशाची

काँटेसा ३२ ही फायबरग्लासची शिडाची बोट १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या वादळात गाजली. सर्वांत लहान बोटींच्या गटात शर्यत पुरी केली ती याच बनावटीच्या एकट्या 'असेंट'ने. हे श्रेय नशिबाचं आणि कसलेल्या खलाशांचं, असं कुणी म्हणेल. खलाशी कसलेले होतेच. पण डेव्हिड सॅडलर यांचा आराखडा पाहा. लांबी ३२ फूट, रुंदी जेमतेम साडेनऊ, आणि जवळपास निम्मं वजन तळाच्या कीलमधल्या शिशाचं! त्यामुळे दीडशे अंश कलंडली तरी ती आपोआप सरळ होते. शर्यतीनंतरच्या चौकशीत तुलनेला घेतलेल्या शर्यतीच्या हलक्या बोटीची हीच मर्यादा १२० अंशांच्याही आत होती. केबिन अडचणीची, डेक सारखा भिजतो, ही तक्रार खरीच. पण ऐसपैस केबिनसाठी लागणारी रुंदीच उलटलेल्या बोटीला उलटीच धरून ठेवते.