बूम आधी, पैसे मागून

उर्से टोलनाक्यावर गाडी बूमपाशी येते, डोक्यावरच्या कमानीतला अँटेना काचेवरचा फास्टॅग वाचतो, दिवा हिरवा होतो आणि बूम उठतो. गाडीत बसलेल्याला एवढंच दिसतं. लेनच्या कडेला उभं राहून बूथमधल्या स्क्रीनकडे पाहिलं तर थोडं जास्त दिसतं. टॅगचा लांबलचक क्रमांक, गाडीचा नंबर, वर्ग, रक्कम असं सगळं एका ओळीत उमटतं आणि मागच्या गाडीची ओळ लगेच तिला वर ढकलते. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेही दिसत नाही. बूम उठतो त्या क्षणी मालकाच्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नसतो.

पैसे कापल्याचा मेसेज नंतर येतो. मुंबईकडे जाताना कधी तो उर्से मागे पडायच्या आत येतो, कधी कामशेतचा बोगदा ओलांडल्यावर, तर कधी लोणावळ्यात चहा पिऊन झाल्यावर. लोक म्हणतात, सर्व्हर स्लो आहे. खरं तर या उशिराला रचनेतच जागा ठेवलेली आहे आणि नाका चालतो तो त्या जागेमुळे.

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी हे नीट कळतं. भुशी डॅमला निघालेल्या गाड्या एकीला एक लागून येत असतात. प्रत्येक गाडीसाठी बँकेच्या होकाराची वाट पाहायची ठरवली आणि एखाद्या बँकेचा संगणक अर्धा मिनिट अडखळला, तर तेवढ्यात मागची रांग कुठवर जाईल याचा अंदाज मावळात कुणालाही करता येईल. म्हणून पैसे कापले गेल्याचं उत्तर येईपर्यंत लेन थांबत नाही. शिल्लक संपलेले, बंद केलेले, ब्लॅकलिस्ट झालेले टॅग नाक्याला आधी कळवलेले असतात. त्यांत आपला टॅग नसला, की वाट मोकळी. व्यवहाराची नोंद मग आपल्या गतीने प्रवास करते. ती नाक्याकडून नाक्याच्या बँकेकडे जाते आणि तिथून एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, स्विचकडे. स्विच आपल्या मॅपरमध्ये, म्हणजे सगळ्या टॅगांच्या नोंदवहीत, हा टॅग कुठल्या बँकेने दिलाय ते पाहतो. ती बँक रक्कम कापते, उत्तर आल्या वाटेने परत जातं आणि आपला फोन वाजतो.

संगणकवाले अशा मांडणीला सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणतात. नाव जड आहे आणि तसं जुनंही; गार्टनर या सल्लागार संस्थेच्या 1996 च्या लिखाणातून ते पुढे आलं. अर्थ मात्र साधा आहे. सगळं काम एका महाकाय प्रोग्रामच्या गळ्यात बांधायचं नाही. एकेक काम एकेका सेवेकडे सोपवायचं, सेवांनी एकमेकींशी ठरलेल्या नमुन्यातच बोलायचं आणि दुसरीच्या घरात नाक खुपसायचं नाही. हिंजवडीतल्या कंपन्यांत यावर तासन्‌तास प्रेझेंटेशनं होतात. मला ती उर्शाच्या लेनइतकी कधीच पटली नाहीत.

आधीचा नाका आठवणाऱ्यांना फरक सांगायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. 2002 मध्ये तो पूर्ण खुला झाला तेव्हा काच खाली करायची, नोट द्यायची, पावती आणि सुटे पैसे घ्यायचे, असा मामला होता. वसुली, हिशेब, पासधारकांची यादी, रोकड मोजणं हे सगळं नाक्याचं नाक्यापुरतं. दर बदलला की त्या नाक्याची व्यवस्था बदलायची, नवा पास काढायचा तर त्याच नाक्यावर. 2010 मध्ये नंदन निलेकणी यांच्या समितीने बॅटरी न लागणारा, काचेवर चिकटवायचा आरएफआयडी टॅग सुचवला. 2016 मध्ये एनपीसीआयची सामाईक व्यवस्था आली, फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगची सक्ती झाली आणि 1 एप्रिल 2025 पासून राज्याच्या सगळ्या टोलनाक्यांवरही.

टॅग हा यातला सगळ्यात मुका घटक. त्यात पैसे नाहीत, शिल्लक नाही. आहे ती निव्वळ ओळख. तुम्ही रिचार्ज केलंत की नाही हे काचेवरच्या स्टिकरला ठाऊक नसतं. म्हणूनच तीसहून जास्त बँकांचे टॅग एकाच लेनमधून जातात आणि लेनला बँक कुठली याच्याशी काही देणंघेणं नसतं.

याची खरी परीक्षा 2024 मध्ये झाली. 31 जानेवारीला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि 15 मार्चनंतर तिच्या फास्टॅगमध्ये नवे पैसे भरणं बंद झालं. रस्त्यावर त्या बँकेचे टॅग अगणित होते. जुन्या पद्धतीत एवढा मोठा भिडू डाव सोडून गेला असता तर नाक्यानाक्यावर गोंधळ माजला असता. इथे एकही अँटेना बदलावा लागला नाही की लेनमधल्या प्रोग्रामची एक ओळही. लोकांनी जुना स्टिकर खरवडला आणि दुसऱ्या बँकेचा लावला. खरवडावा लागला, हा मात्र या रचनेतला अपुरेपणा. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसा टॅग तोच ठेवून बँक बदलता येत नव्हती. लवचीकता नाक्याच्या वाट्याला आली, ग्राहकाच्या वाट्याला रांग.

सेवा वेगळ्या केल्या की सगळा जीव त्यांच्यातल्या कराराशी अडकतो. बँक आणि नाका यांनी कोणता निरोप कोणत्या साच्यात पाठवायचा, हे आयसीडी नावाच्या एका दस्तऐवजात ठरलेलं असतं आणि त्याच्या आवृत्त्या निघतात. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्लॅकलिस्ट टॅगच्या नव्या नियमावरून गदारोळ झाला तेव्हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने खुलासा केला, की त्यांचे सगळे नाके आयसीडी 2.5 या आवृत्तीवर आहेत आणि तिथे टॅगची स्थिती तत्काळ कळते. राज्य महामार्गांवरचे काही नाके मात्र अजून 2.4 वर होते आणि तिथे ती ठरावीक वेळाने ताजी करावी लागत होती. म्हणजे दारात उभं राहून केलेलं रिचार्ज एका नाक्यावर चालायचं आणि दुसऱ्यावर नाही. वाहनचालकाला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्या लेखी टोल म्हणजे टोल.

लेनमध्ये आणखी एक साक्षीदार असतो. गाडी पुढे सरकताना सेन्सर तिचे आस मोजतात, तिचा वर्ग ठरवतात आणि तो टॅगवरच्या वर्गाशी पडताळला जातो. मोटारीचा वर्ग चार. आपल्याकडच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोने मात्र सगळ्यांना पेचात टाकलं होतं. कागदोपत्री तो मालवाहू आणि आकाराने मोटारीएवढा. शेवटी तशा गाड्यांसाठी वीस क्रमांकाचा स्वतंत्र वर्ग काढावा लागला. पवन मावळातून भाजी घेऊन निघालेला छोटा हत्ती उर्शाला येतो तेव्हा त्याच्यासाठी देशपातळीवर झालेला हा खल त्याच्या चालकाच्या गावीही नसतो.

नियम बदलायची वेळ येते तेव्हा मात्र रचनेचा कस लागतो. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणात इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना अटल सेतू, समृद्धी आणि द्रुतगती मार्गावर टोलमाफी जाहीर झाली. मे महिन्यात शासन निर्णय निघाला, अटल सेतूवर अंमल सुरू व्हायला 22 ऑगस्ट उजाडला आणि त्यानंतरही टोल कापला गेल्याच्या तक्रारी येत राहिल्या. रोखीच्या जमान्यात बूथवाल्यांना एक परिपत्रक दिलं असतं आणि हिरवी नंबरप्लेट दिसली की हात हलवून सोडलं असतं. आता ही गाडी विजेवर चालते हे वाहन नोंदणीच्या प्रणालीने सांगायचं, ते मॅपरमध्ये उतरायचं आणि नाक्याने मानायचं. एकदा हे जुळलं की देशभरच्या अशा कितीही सवलती त्याच वाटेने देता येतील. जुळेपर्यंत मात्र शासन निर्णय खिशात आणि पैसे बँकेतून गेलेले, अशी गत.

15 ऑगस्ट 2025 ला 3000 रुपयांना आलेला, 200 फेऱ्यांचा वार्षिक पास हेही तसंच प्रकरण. पास त्याच स्टिकरवर चढतो, पण द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा असल्याने इथे तो लागू नाही. टॅग एक, रस्त्यांचे मालक दोन. तंत्राने हा प्रश्न सुटत नाही आणि सुटावा अशी अपेक्षाही नको. कुणाचा टोल कुणी माफ करायचा हे मालकांनी ठरवायचं असतं.

हे सगळं मोठ्या संस्थांचं झालं. लोणावळ्यात उतरून बाजारात शिरलं की हीच कल्पना चिक्कीच्या दुकानात गल्ल्याशेजारी सापडते. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा साउंडबॉक्स आणि बिल काढणारा संगणक यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. साउंडबॉक्सला स्वतःचं सिम असतं. वीज गेली, बिलिंग बंद पडलं, तरी डब्याची बॅटरी टिकेपर्यंत तो चालू आणि दुकानही चालू. असं असताना विक्रेते येऊन सांगतात, बिलिंग, माल, पेमेंट, घरपोच ऑर्डर, सगळं आमच्या एकाच मशीनमध्ये घ्या. घ्यायला हरकत नाही, पण एक प्रश्न आधी विचारावा. उद्या यातली एकच गोष्ट बदलायची झाली तर बाकीचं तसंच राहील का?

हॉटेलवाल्यांना या प्रश्नाचं मोल जास्त कळतं. खोल्या चार ठिकाणी विकायला ठेवायच्या आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा, असं असलं की वर्षाविहाराच्या मोसमात एकच खोली दोघांना दिली जाते आणि रात्री अकरा वाजता रिसेप्शनवर भांडण होतं. ज्यांनी रिकाम्या खोल्यांचा आकडा एकाच जागी ठेवला आणि बुकिंगच्या सगळ्या साइटना तिथेच विचारायला लावलं, त्यांची या कटकटीतून बरीचशी सुटका झाली. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही, आकडा कुणाच्या ताब्यात हे ठरवावं लागतं.

पुन्हा नाक्याकडे वळतो, कारण या व्यवस्थेची एक बाजू प्रेझेंटेशनमध्ये कधी येत नाही. दिवा लाल होतो, मागून हॉर्न सुरू होतात आणि हातात स्कॅनर घेतलेला कर्मचारी काचेपाशी धावतो. कारण बँकेचं असेल, मॅपरचं असेल, घासलेल्या टॅगचं असेल. त्याच्या स्क्रीनवर फक्त नकार येतो आणि शिव्या त्याला खाव्या लागतात. पाच सेवा आपापल्या जागी बरोबर असूनही काम अडू शकतं, आणि तेव्हा जबाबदार कोण हे आधीच लिहून ठेवावं लागतं. राष्ट्रीय महामार्गांच्या नियमांत 2018 मध्ये तशी एक चांगली तरतूद झाली. टॅग चालू, खात्यात पैसे आहेत आणि नाक्याचंच यंत्र वाचू शकत नाही, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. दोष ज्याचा, भुर्दंड त्याचा. असा एक नियम दहा चकचकीत ॲपपेक्षा कामाचा.

तेव्हा टोल दोनदा किंवा चुकीच्या वर्गाचा कापला गेला, तर बूथमधल्या पोराशी हुज्जत घालू नका. तुमच्या खात्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मेसेज जपून ठेवा आणि टॅग ज्या बँकेने दिला तिच्याकडे तक्रार नोंदवा. नाक्याच्या बँकेकडून पैसे परत मागायचा मार्ग तिच्याकडेच आहे.