आशुकारी भ्रम आणि भौतिकोपचारतज्ज्ञ

ऑस्ट्रेलिया व इंग्लंडमधील काही रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात गरगरण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीने विशेष प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञही तपासतात. फिजिओथेरपिस्ट म्हणजे गुडघा, कंबर व खांदा, एवढीच आपली समजूत असल्याने याचे नवल वाटते. परंतु कारण सरळ आहे. अचानक उद्भवणाऱ्या भ्रमाच्या पुष्कळ रुग्णांत विकार अंतर्कर्णातील असतो आणि त्याचे निदान व उपचार दोन्ही हातांनी करावयाचे असतात.

चरकाचार्यांनी भ्रमाची गणना वाताच्या नानात्मज विकारांत केली आहे. सुश्रुताचार्यांनी त्यात रज व पित्ताचाही सहभाग सांगितला आहे. रुग्ण मात्र अंधारी, तोल जाणे आणि गरगरणे या तिन्हींना ‘चक्कर’च म्हणतो. म्हणून हे तज्ज्ञ चक्कर कशी येते यापेक्षा किती वेळ टिकते व कशाने येते, हे प्रथम विचारतात.

कूस बदलताच किंवा वर पाहताच काही सेकंद गरगरत असेल तर बहुधा बीपीपीव्ही असतो. अंतर्कर्णातील चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुतेक वेळा मागील नलिकेत, शिरलेले असतात. डिक्स व हॉलपाइक यांनी 1952 साली वर्णिलेल्या परीक्षेत रुग्णाची मान 45 अंश वळवून त्यास झटकन उताणे निजवितात व डोके टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबते ठेवतात. काही क्षणांनी डोळे फिरकी घेत वरच्या दिशेने झटके देऊ लागतात आणि मिनिटाच्या आत थांबतात. मग एप्ली यांच्या 1992 साली प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने डोके क्रमाक्रमाने फिरवून ते कण स्वस्थानी आणतात. पुष्कळांना पहिल्याच वेळी आराम पडतो. मानेस इजा किंवा मणक्यांत अस्थिरता असल्यास मात्र हे करू नये.

येथे स्वतःची चूक सांगतो. पन्नाशीच्या एका बाईंना नस्याच्या टेबलावर निजविताच गरगरू लागले. मी तो नस्यव्यापद समजलो, तेल बदलले, चार दिवस थांबलो, पुन्हा तेच. नस्यासाठी आपण डोके लोंबते ठेवतो, ती स्थिती या परीक्षेच्या किती जवळची आहे हे लक्षात आलेच नव्हते. पुढे एका फिजिओथेरपिस्टने दोन बैठकींत त्यांना बरे केले.

खरी धास्ती वेगळ्या रुग्णाची. तासन्तास अखंड गरगरते, वांत्या होतात, डोळे सतत झटके देतात. हा अंतर्कर्णाच्या नाडीचा शोथ असेल किंवा लहान मेंदूतील पक्षाघात. रुग्णाची दृष्टी समोर स्थिर ठेवून डोके चटकन वळविल्यास नाडीशोथात नजर घसरते व पुन्हा लक्ष्यावर येते. नजर जराही न ढळणे हे या रुग्णात शुभचिन्ह नव्हे, तर मेंदूतील विकाराची शंका घ्यावयाचे चिन्ह होय. त्याच्या जोडीने नजरेच्या दिशेनुसार झटक्यांची दिशा बदलते का आणि एक डोळा दुसऱ्याहून वर-खाली सरकतो का, हेही पाहतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तीन परीक्षा पहिल्या दोन दिवसांत एमआरआयपेक्षाही सरस ठरल्या. पण त्या प्रशिक्षित हातांच्याच, आणि चक्कर अखंड चालू असतानाच. बीपीपीव्हीमध्ये नजर ढळत नाहीच. तेथे हीच परीक्षा उगाच घबराट माजविते.

औषधविक्रेत्या बंधूंना यातून घेण्यासारखे आहे. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन वांती व गरगरणे दडपते, नलिकेतील कण हलवीत नाही. नाडीशोथात दोन-तीन दिवसांनंतरही ती चालू ठेवल्यास मेंदूला तोल पुन्हा साधण्यास विलंब होतो; फिजिओथेरपिस्टचे नजर स्थिर करण्याचे व्यायाम तेथे उपयोगी पडतात. वृद्धांत सिनारिझिन दीर्घकाळ दिल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात. (आपली वातशामक चिकित्सा चालू ठेवण्यास यात काही आडकाठी नाही; पण तिनेही कण हलत नाहीत.)

बोलणे अडखळणे, एकाची दोन दिसणे, गिळता न येणे, हातपाय लुळे पडणे, मानेत नव्याने तीव्र वेदना किंवा आधाराशिवाय बसताही न येणे, यांपैकी काहीही चक्करेसोबत असेल तर गोळी देऊ नये व फिजिओथेरपिस्टकडेही धाडू नये. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ चिठ्ठीवर लिहून रुग्णास थेट मोठ्या रुग्णालयात पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेथील डॉक्टर पहिला प्रश्न त्या वेळेचाच विचारतात.