जे. जे.च्या फाटकाबाहेर

सय्यद हैदर रझा मुंबईत पोटाला लागले ते एका ब्लॉकमेकरकडे. गोंदियाची ड्रॉइंग मास्तरकी सोडून, मध्य प्रांत सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते १९४३ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टला आले, पण पोहोचेपर्यंत प्रवेश संपले होते. शिष्यवृत्तीही हातची गेली. मग एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत दिवसभर डिझाइनं करायची आणि सुटल्यावर स्वतःची चित्रं, असा क्रम सुरू झाला. पुढे ते जेजेत शिकले, १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

रझा ज्यात होते त्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबद्दल आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक शैलीबद्दल. मला त्यात कायम एकच गोष्ट शोधाविशी वाटते : यांच्या खोलीचं भाडं कोण भरत होतं? हुसेन सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, लहान मुलांचं फर्निचर आणि खेळणी डिझाइन करत होते. आरा मोटारी पुसत होते. गाडे मास्तर होते. केकू गांधींची केमोल्ड ही आज गॅलरी म्हणून ओळखली जाते, पण मुळात तो चित्रांच्या फ्रेमा बनवण्याचा धंदा होता. या मंडळींची चित्रं फ्रेमच्या शोरूममध्ये टांगली गेली आणि तिथूनच काही विकली गेली. केमोल्डची रीतसर गॅलरी निघाली १९६३ साली, जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर. खुद्द जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची. म्हणजे ग्रुप स्थापन झाला तेव्हा मुंबईत चित्र टांगायला धड भिंत नव्हती.

तिथपासून आजपर्यंतचा हिशोब मांडायला बसलं की एक गोष्ट स्पष्ट दिसते. नुसती चित्रं विकून जगलेले फार थोडे. बाकीच्यांना कुणी ना कुणी पगार दिला : गिरणीने, छापखान्याने, सरकारने, शाळेने, जाहिरात कंपनीने. पगार देणारे बदलले तशी चित्रंही बदलली. कलेचा इतिहास लिहिणारे ही बाजू तळटीपेत टाकतात. माझ्या मते मूळ मजकूर तोच आहे.

भानुमती राजोपाध्येंचं उदाहरण घ्या. कोल्हापूरची मुलगी, वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या वर्तुळातले. जेजेत तिने पदक मिळवलं आणि १९५३ साली प्रोग्रेसिव्हांच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. त्या मेळ्यात बाई ती एकटीच. पण शिकत असतानाच ती बायकांच्या मासिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढू लागली होती, कारण त्याचे पैसे वेळेवर मिळत. ‘ईव्ह्ज वीकली’च्या संपादिकेने बुटीक काढलं आणि कागदावरचे हे कपडे प्रत्यक्ष शिवून दाखवशील का म्हणून विचारलं. तिने शिवून दाखवले. बुटीकमध्ये सिनेमातल्या बायका येत. ‘श्री ४२०’मध्ये नादिराच्या अंगावरचा झगा तिचा, १९५६च्या ‘सी.आय.डी.’पासून गुरुदत्तांकडे काम सुरू झालं. आणि १९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर घेणाऱ्या भानू अथैया त्या याच. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. २०१२ साली त्यांनी ती बाहुली जपणुकीसाठी अकॅडमीकडे परत पाठवली. आपल्याकडे ती नीट राहील याची खात्री नव्हती म्हणून. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

या प्रवासात ठरवून केलेलं काय होतं? फारसं काही नाही. कागदावर मानवी शरीर आणि त्यावरचा कपडा अचूक उतरवता येणं ही जेजेची कमाई, आणि त्या कौशल्याला पैसे मोजणारं मासिक त्या वेळी अस्तित्वात होतं, हा योग. त्याच बॅचच्या आसपास बाहेर पडलेल्या राम सुतारांना योग लाभला सरकारचा. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचा सुताराचा मुलगा जेजेतून मेयो पदक घेऊन निघाला आणि पुरातत्त्व खात्यात लागला. अजिंठा-वेरूळच्या परिसरात मोडक्या मूर्ती पूर्ववत करण्याचं काम. पुढे दिल्लीला माहिती व नभोवाणी खात्यात आणखी एक नोकरी, तीही सोडून स्वतंत्र शिल्पकार. सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्याचं सगळे बोलतात. मला वेरूळची ती चार वर्षं मोठी वाटतात. दगड कसा विचार करतो हे पगार घेऊन शिकायला मिळणं, याहून चांगली पदव्युत्तर पदवी कुठली?

सरकारच्या दुसऱ्या एका नोकरीने तर मराठी चित्रकलेची एक अख्खी पिढी पोसली. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात हातमागासाठी विणकर सेवा केंद्रं निघाली. मुंबईचं केंद्र ऑपेरा हाउसच्या बाजूला. तिथे चित्रकारांना नेमलं, आणि काम काय? कागदावर नवा नमुना करायचा, रंगांच्या जोड्या ठरवायच्या, ग्राफवर उतरवून विणकराच्या हाती द्यायचा. मागावरून तुकडा उतरला की पुन्हा बघायचा. अकोल्याचे अंबादास तिथे होते, के. जी. सुब्रमण्यन काही काळ होते, गौतम वाघेला होते. आणि प्रभाकर बरवे होते.

अलिबागजवळच्या नागावचे बरवे १९५९ साली जेजेतून बाहेर पडले आणि १९६१ साली या केंद्राच्या नोकरीत वाराणसीला गेले. चार वर्षं तिथे काढून मुंबईच्या केंद्रात आले आणि पुढे बरीच वर्षं तिथेच राहिले. वाराणसीत त्यांच्या चित्रात तंत्रपंथातले आकार शिरले ते या बदलीमुळे. बदलीचा हुकूम आणि चित्रातलं वळण यांचा इतका थेट संबंध मला दुसरीकडे आढळलेला नाही. पुढच्या बरव्यांमध्ये पान, घड्याळ, शंख, रिकामी चौकट असे सुटे सुटे आकार सपाट जागेत तरंगतात, आणि ते इनॅमल पेंटमध्ये, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात त्या रंगात. आकाराला त्याच्या नेहमीच्या जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायची ही सवय नमुनाघरात रोज हाताला लागत असणार, असा माझा तर्क आहे. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक वाचताना तो पक्का होत जातो. ऑफिस ठरल्या वेळी सुटायचं, महिन्याचा पगार बुडत नव्हता, आणि काम चित्राच्या शेजारचं होतं पण चित्र नव्हतं. ही तिन्ही एकत्र असलेली नोकरी नंतर फारशी कुणाला मिळाली नाही.

काहींनी तर शेजारसुद्धा नको म्हटलं. जेजेत शिकलेले अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात कारकुनी करत होते. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर, आणि उरलेल्या वेळात मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि व्यंगचित्रं. सुधीर पटवर्धन कलाशाळेत गेलेच नाहीत. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून २००५पर्यंत प्रॅक्टिस करून त्यांनी लोकलमधली आणि इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवली. ‘पूर्ण वेळ कलावंत’ हा शब्द आमच्याकडे नंतर आला, आणि त्याने बऱ्याच मुलांचं नुकसान केलं.

छापखान्याची गोष्ट निराळी. तिथे चित्र हाच माल. मडगावचे दीनानाथ दलाल जेजेतून शिकून आले आणि १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ अंक काढला. रघुवीर मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला. कॅलेंडरं, मुखपृष्ठं, दिवाळी अंक, साबणाचे आणि उदबत्तीचे खोके. मराठी घरातल्या भिंतीवरची लक्ष्मी कशी दिसावी हे या दोघांनी ठरवून टाकलं. जेजेत मात्र त्यांचं नाव आदराने घेतलं जात नसे, हे आमच्या काळापर्यंत चालत आलं होतं. ‘कॅलेंडर आर्ट’ ही शिवी होती. ती देणारे सर बहुधा स्वतः ऑर्डरची पोर्ट्रेटं करत.

जेजेत कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ साली सुरू झाला. तो पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था म्हणून वेगळा झाला. मी तिथला, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातला. आमच्या वेळी शिक्षण संपायच्या आधी जाहिरात एजन्सीची बोलावणी येत. आज्ञाधारक मुलं व्हिज्युअलायझर होत, हट्टी मुलं काही महिन्यांत सोडून जात. पहिल्या वर्षी मला मिळालं ते फिनिशिंग. टाइपसेटिंगहून ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेला मजकूर, यायचं. कटरने ओळ कापायची, पाठीला रबर सोल्यूशन लावायचं, बोर्डावर सेट-स्क्वेअर धरून ओळ बसवायची, कडेचं वाळलेलं सोल्यूशन बोटाने चोळून गोळी करून काढायचं. वर ट्रेसिंगचा फ्लॅप, त्यावर पेन्सिलीने रंगांच्या टक्केवाऱ्या. क्लायंटने ऐन वेळी शब्द बदलला तर नवं ब्रोमाइड मागवायला वेळ नसे. मग जुन्या ब्रोमाइडच्या कपट्यांतून हवा तो काना, हवी ती वेलांटी शोधून चिमट्याने चिकटवायची. प्रत्येक फिनिशरकडे अशा काना-मात्रांची एक डबी असे. देवनागरी अक्षर कुठे जड होतं आणि कुठे तुटतं, हे मला कुठल्याही वर्गापेक्षा त्या डबीने जास्त शिकवलं.

एजन्सी पैसे देत होती, पण संध्याकाळ घेत होती. माझ्या ओळखीचे जे लोक ‘दोन वर्षं एजन्सी, मग पेंटिंग’ म्हणून आत गेले त्यांच्यातले बहुतेक बाहेर आले ते निवृत्त होऊनच. हात दिवसभर तेच काम करत असेल तर रात्री त्याला दुसरं काही करावंसं वाटत नाही. याला मोठा अपवाद र. कृ. जोशी. उल्का एजन्सीत कितीतरी वर्षं आर्ट डायरेक्टर राहून त्यांनी अक्षराचा ध्यास सोडला नाही, मग पवईच्या आय.आय.टी.त शिकवायला गेले. आज सरकारी कचेरीतला माणूस संगणकावर मराठीत टाइप करतो तेव्हा समोर बहुधा जो मंगल फॉन्ट येतो, तो त्यांच्या हातचा.

१९८२चा गिरणी संप झाला आणि पुढच्या वर्षांत गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांच्याबरोबर त्यांचे डिझाइन स्टुडिओही गेले. जेजेच्या टेक्स्टाइलच्या मुलांना ती सरळ वाट होती. १९९०च्या आसपास मॅक आला आणि फिनिशिंग आर्टिस्ट ही जमात दोन-चार वर्षांत संपली. डबी मी कधी टाकली ते आठवत नाही. २०००नंतर फ्लेक्स आला, बॅनर रंगवणारे पेंटर गेले. नव्या वाटाही उघडल्या, नाही असं नाही : मालिका, सेट, अ‍ॅनिमेशन, गेम, व्हीएफएक्स. जेजे आणि रहेजात शिकलेल्या नितीन चंद्रकांत देसाईंनी कर्जतला अख्खा स्टुडिओ उभा केला. पण या नव्या कामांत पगारापेक्षा कंत्राट जास्त. शॉटवर पैसे, एपिसोडवर पैसे, आणि काम संपलं की पुढच्या फोनची वाट.

त्याच सुमाराला लिलावाचे आकडे पेपरात येऊ लागले. डिसेंबर २०१३मध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात वासुदेव गायतोंडेंचं चित्र २३.७ कोटींना गेलं. गायतोंडे जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. हयातीत त्यांनी दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, साधेपणाने दिवस काढले. आकडा पाहून मुलाला पेंटिंगला घालणारे पालक मला भेटले आहेत. त्यांना बरव्यांच्या नोकरीबद्दल सांगितलं की ते हिरमुसतात.

आणि ड्रॉइंग मास्तर? राज्यभरच्या कलाशाळांमधून, नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर, पुणे, सावर्डे इथून निघालेल्या मुलांचा खरा आधार तोच होता. कलाशिक्षकाची एटीडी पदविका करा, हायस्कूलला लागा, रविवारी चित्रं काढा, वर्षातून एकदा राज्य प्रदर्शनाला पाठवा. तालुक्याच्या गावात पहिलं जलरंगाचं निसर्गचित्र मुलांना ज्याने दाखवलं तो हाच माणूस. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक, एवढीच सोय उरली. गंमत अशी की चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं अजून लाखांत आहेत, कारण इंटरमिजिएटच्या ‘अ’ श्रेणीला दहावीत सात गुण वाढून मिळतात. गुण आहेत, परीक्षा आहे, मास्तर नाही.

जेजेला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चांगलं झालं. पण पदवी कुणाची यावर या धंद्यात कधीच कुणाचं पोट ठरलेलं नाही. फाटकाबाहेर कोण पगार द्यायला उभा आहे यावर ठरलं. आज तिथे जे उभे आहेत त्यांत आपण मराठी माणसंही आहोत : प्रकाशक, दिवाळी अंकवाले, नाट्यनिर्माते, शाळांचे संस्थाचालक. गेली दोन-तीन वर्षं मुखपृष्ठासाठी यंत्राकडून चित्र काढून घेऊन वर ‘मांडणी’ म्हणून कुणाचं तरी नाव छापण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यावर रागावण्यापेक्षा एक व्यवहाराची विनंती करतो. चित्रकाराला बोलवाल तेव्हा मानधनाचा आकडा पहिल्याच फोनवर सांगा, तो लेखी द्या, श्रेयनामावलीत नाव नीट छापा, आणि अंक स्टॉलवर लागायच्या आत पैसे चुकते करा. दिवाळीचं मानधन होळीला मिळणार असेल, तर पंचविशीतला मुलगा तोवर दुसरं काम धरतो आणि परत येत नाही.