शेजारच्या बोअरला पाणी, आपला कोरडा का?

एकाच बांधावर दोन बोअर. एकाला दोन इंची पाणी, दुसऱ्यातून नुसती धूळ. लोक नशिबाला बोल लावतात, पण कारण खडकात असतं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बेसाल्टवर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. ते राहतं भेगांत, मुरमात आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. भेग चार हात बाजूने गेली, तरी बोअर कोरडाच जातो. खोल गेलं की पाणी लागतंच, हाही गैरसमज. खाली भेगा बहुधा आवळलेल्या असतात. गाडी बोलावण्याआधी आसपासच्या विहिरींचे थर नीट बघावेत. पाणाड्याच्या नारळापेक्षा ते बरं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करता येते.