घरच्या घरीं विद्युत्-गिटार

सतार किंवा तंबोरा पाहिला म्हणजे आपलें पहिलें लक्ष जातें तें त्याच्या भोपळ्याकडे. तार छेडावी, तिचें कंपन घोडीवाटे तबलीवर उतरावें, आणि भोपळ्याच्या पोकळींत भरदार होऊन तें आपल्या कानीं यावें, ही तंतुवाद्यांची जुनी रीत आहे. विद्युत्-गिटार मात्र या रीतीला अपवाद होय. तिला पोट असावेंच लागत नाहीं. भरीव लांकडाच्या फळीवर सहा पोलादी तारा ताणल्या तरी तिचें काम भागतें. आणि म्हणूनच ती घरीं बनविणें हें चिकाटीच्या माणसाच्या आटोक्यांतलें काम आहे. श्रोतेहो, तें कसें साधतें हें आज मी आपणांस सांगणार आहें, आणि तें सांगतांना लंडनच्या एका उपनगरांत बापलेकांनीं मिळून बनविलेल्या एका गिटारीचा आधार घेणार आहें.

प्रथम हिचा आवाज येतो कोठून तें पाहूं. लोहचुंबकाच्या सान्निध्यांत चुंबकीय प्रभाव कमीअधिक झाला, कीं जवळच्या तांब्याच्या वेटोळ्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें. विद्युत्-गिटारींत तारांच्या खालीं असेंच एक वेटोळें बसविलेलें असतें. इंग्रजींत त्याला पिकप म्हणतात. आपण त्याला ग्राहक म्हणूं. त्यांत लोहचुंबक असतो, आणि त्याच्याभोंवतीं केसासारख्या बारीक, रोगण दिलेल्या तांब्याच्या तारेचे पांच ते दहा हजार वेढे असतात. वरची पोलादी तार हालली कीं चुंबकीय प्रभाव हालतो, आणि वेटोळ्यांत तारेच्या कंपनाबरहुकूम वीज खेळूं लागते. ही वीज अगदीं क्षीण असते. ती वर्धकानें वाढवून कर्ण्याकडे नेली म्हणजे आवाज निघतो. ग्राहकाला कळते ती पोलादाची हालचाल. पितळेची किंवा तांतीची तार त्याच्यापुढें कितीहि छेडली तरी तो मुकाच राहील.

ही युक्ति अमेरिकेंत १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं व्यवहारांत आणली. पुढें १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकानें चार इंच जाडीच्या चौकोनी पाइन लांकडाच्या ओंडक्यावर तारा ताणून गिटार केली, आणि पाहणारांच्या डोळ्यांना ती गिटारीसारखी दिसावी एवढ्याचसाठीं दोहों बाजूंस साध्या गिटारीचे दोन अर्धे चिकटविले! वाद्याचा आकार आणि वाद्याचा आवाज यांची फारकत झाली ती अशी.

आतां आपल्या मुख्य उदाहरणाकडे वळूं. १९६३ च्या ऑगस्ट महिन्यांत फेल्टम येथें राहणारा ब्रायन मे हा १६ वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनीं गिटार बनविण्यास हात घातला. कारण साधें होतें. फेंडर कंपनीची जी गिटार मुलाला हवी होती, तिची किंमत त्या घराला झेपणारी नव्हती. वडील विद्युत्-उपकरणांच्या कामांत मुरलेले होते, आणि घरांत हत्यारें होतीं. हवी असलेली वस्तु परवडत नसेल तर मध्यमवर्गीय घरांत बहुधा दोनच मार्ग असतात: मुलाची समजूत घालावी, किंवा कर्ज काढावें. या बापलेकांनीं तिसरा मार्ग धरला. त्याला सुमारें दोन वर्षें लागलीं.

सामान कोठून आलें हें ऐकण्यासारखें आहे. गिटारीची मान झाली ती शंभराहून अधिक वर्षें जुन्या महोगनीच्या एका शेगडीच्या चौकटीपासून. त्या लांकडाला किडीनें भोकें पाडलीं होतीं. तीं आगकाड्या ठोकून बुजविलीं. धड झालें तें जुन्या टेबलाच्या ओकपासून आणि साध्या जोडफळीपासून. वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटविला. स्वरांच्या जागा दाखविणारे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांच्या बटणांचे आहेत. जुन्या लांकडाचा एक गुण येथें सांगितला पाहिजे. तें पुरतें वाळलेलें असतें. ओल्या लांकडाची मान पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आंवळते, आणि वाद्य सुरांत राहत नाहीं. मोडीच्या बाजारांतील जुन्या दाराची चौकट नव्या फळीहून या कामास पुष्कळदां सरस ठरते, ती याच कारणानें.

मानेवरचे पडदे बसविणें हा या कामांतील खरा कसोटीचा भाग. सतारीचे पडदे दोऱ्यानें बांधलेले असतात. सूर चुकला तर पडदा सरकवितां येतो. गिटारीचा पडदा एकदां खांचेंत ठोकला कीं ठोकला. त्याची जागा आधीं गणितानें काढावी लागते. पेटीप्रमाणें येथेंहि सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. अटीपासून घोडीपर्यंतची लांबी १७.८१७ नें भागावी, म्हणजे पहिल्या पडद्याचें अंतर निघतें. उरलेली लांबी पुन्हां त्याच अंकानें भागावी, म्हणजे दुसऱ्याचें. मे यांच्या गिटारीच्या तारेची लांबी २४ इंच आहे. तेव्हां पहिला पडदा अटीपासून १.३४७ इंचांवर, दुसरा २.६१८ इंचांवर, बारावा बरोबर मध्यावर म्हणजे १२ इंचांवर, आणि चोविसावा १८ इंचांवर येतो. आंकडे काढून झाले, कीं आंखतांना मात्र प्रत्येक अंतर अटीपासूनच मोजावें. एका पडद्यापासून दुसरा आणि दुसऱ्यापासून तिसरा असें मोजीत गेल्यास प्रत्येक वेळची केसाएवढी चूक सांठत जाते, आणि वरच्या सप्तकांत गिटार बेसूर बोलते.

दुसरी अडचण ताणाची. नेहमींच्या सहा तारा मिळून मानेला सुमारें ४० ते ४५ किलो वजनाइतकें ओढतात. म्हणून मानेच्या पोटांत पोलादी सळई घालतात. नाहीं तर मान धनुष्यासारखी वांकते. हाच ताण मे बापलेकांपुढें वेगळ्या रूपानें उभा राहिला. दांड्यानें घोडी झुकवून सूर हेलकावण्याची सोय त्यांना हवी होती; परंतु दांडा सोडल्यावर तारा पुन्हां नेमक्या पूर्वीच्याच सुरांत याव्यात अशीहि त्यांची अट होती. बाजारांतील गिटारींना हें नीट साधत नसे, कारण जेथें घर्षण तेथें तार अडकते. त्यांनीं रसायनशाळेंतील तराजूची युक्ति योजिली. तराजूची दांडी जशी धारदार कडेवर तोललेली असते, तशी त्यांनीं घोडीची पट्टी कठीण पोलादाच्या धारेवर तोलली. तारांच्या ओढीला उलट ओढ देण्यासाठीं १९२८ च्या पँथर मोटारसायकलीच्या व्हाल्व्हच्या दोन स्प्रिंगा बसविल्या, आणि घोडीवर तारांखालीं लहान रूळ केले. दांडा आला सायकलच्या खोगिराला पिशवी अडकविण्याच्या सळईतून, आणि त्याचें टोंक आईच्या विणकामाच्या सुईचें.

ग्राहकहि त्यांनीं प्रथम घरींच केले. आवाज चांगला येई. परंतु तार बाजूला ओढून मींड काढली कीं खरखर होई, कारण शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट होते आणि तार एकावरून दुसऱ्याच्या प्रदेशांत शिरत असे. शेवटीं बर्न्स कंपनीचे तीन ग्राहक विकत घेतले. पण तेहि आहेत तसे न वापरतां आंत राळेसारखा घट्ट होणारा अॅरल्डाइट भरला, म्हणजे वेढे स्वतः थरथरून किंचाळूं नयेत. प्रत्येक ग्राहकाला दोन कळा दिल्या: एक चालू-बंद करण्याची आणि दुसरी प्रवाहाची दिशा उलटविण्याची. घोडीजवळचा ग्राहक तीक्ष्ण बोलतो, मानेजवळचा गोल बोलतो. दोन ग्राहक एकमेकांविरुद्ध जोडले, तर दोघांत समान असलेला खालचा भरणा वजा होतो आणि पातळ, नाकांतला आवाज उरतो. एकाच वाद्यांतून अनेक कंठ निघतात ते या साध्या कळांमुळें.

ज्या श्रोत्यांना हा उद्योग करून पाहावयाचा असेल, त्यांनीं आरंभ तयार गिटारीच्या दुरुस्तीपासून करावा. ग्राहक बदलणें, तारांच्या जोडांना डाख देणें, घोडीची उंची जुळविणें, एवढ्यानेंहि हात बसतो. घरांतील दिव्यांच्या विजेमुळें ग्राहकांत गुणगुण शिरते. ती कमी करावयाची तर कळांच्या खोबणीला आंतून तांब्याचा पत्रा लावून तो भूमीच्या तारेला जोडावा. एकमेकांच्या उलट वेटाळलेल्या जोड-वेटोळ्यांचा ग्राहक ही गुणगुण स्वतःच मारतो. गिब्सन कंपनींत सेथ लव्हर यानें १९५५ सालीं तो सिद्ध केला. आणखी एक गोष्ट आग्रहानें सांगतों. गिटारीच्या तारा वर्धकाच्या भूमीला जोडलेल्या असतात. गिटारींत उपजणारी वीज निरुपद्रवी खरी, परंतु भिंतींतील भूमीची जोडणी सदोष असेल आणि वर्धकांत बिघाड झाला असेल, तर बोटांखालची तार प्राणघातक ठरूं शकते. तेव्हां तीन पायांची खुंटी मोडून दोन पायांची कधींहि करूं नये. आणि वर्धक स्वतः उघडूं नये, कारण बंद केल्यावरहि त्यांत विजेचा सांठा राहतो.

ही गिटार पुढें जगभर ऐकली गेली. १९७० सालीं स्थापन झालेल्या क्वीन या वाद्यवृंदांत ब्रायन मे तीच वाजवीत. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला पारशी मुलगा होता. २००२ च्या जूनमध्यें राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावरून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजलें तें याच गिटारीवर.

परंतु या कथेला दुसरीहि बाजू आहे. ज्या वडिलांनीं दोन वर्षें मुलाच्या खांद्याला खांदा लावून रंधा मारला, त्यांनाच मुलानें खगोलशास्त्राचें संशोधन सोडून वादनाचा धंदा पत्करलेला रुचला नाहीं. त्यावरून उभयतांत दीर्घ काळ दुरावा राहिला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मुलाचें वादन आणि भरलेलें सभागृह पाहिल्यावर वडिलांचें मन वळलें. १९८८ सालीं ते वारले. मुलानें सोडलेला प्रबंध २००७ सालीं पुरा करून डॉक्टरची पदवी मिळविली, ती पाहण्यास ते राहिले नव्हते.

मुलांच्या हातीं हत्यार देणाऱ्या प्रत्येक घरानें याचा विचार करावा. लांकूड कसें कापावें, डाख कसा द्यावा, हें आपण त्यांना शिकवूं शकतों. पण तयार झालेल्या वाद्यावर कोणतें गाणें वाजावें, हें ठरविण्याचा अधिकार त्याच वेळीं आपण त्यांच्या हातीं देत असतों. तो देण्याची तयारी असेल त्यानें जुन्या चौकटीला खुशाल करवत लावावी.