दवाखान्याचे नूतनीकरण आणि दारांचे माप

भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांचा इतिहास वाचताना ‘कोकोनट ग्रोव्ह’ हे नाव हमखास भेटते. अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या या नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागली आणि ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शिरेवाटे द्रव देऊन आणि व्हॅसलीनच्या साध्या पट्ट्या बांधून जे उपचार झाले, त्यांनी या शाखेला नवे वळण दिले. हा अर्धा धडा आपण वैद्यकीय मंडळी शिकलो. उरलेला अर्धा दारांविषयी होता. मुख्य प्रवेशाचे फिरते दार माणसांच्या रेट्याने अडकून बसले. काही दारे बंद करून ठेवलेली होती. काही आतल्या बाजूस उघडणारी असल्याने लोंढ्याच्या दाबामुळे उघडताच येईनात.

आपल्या इंदूरमध्ये कित्येक दवाखाने आणि नर्सिंग होम जुन्या राहत्या घरांत सुरू झाले. काही वर्षांनी त्यांचे नूतनीकरण निघते. फरशी, दिवे, वातानुकूलन, स्वागतकक्ष यांवर आपण तासन्‌तास चर्चा करतो; दारांची मापे मात्र सुतारावर सोपवतो. वास्तविक बाहेर पडण्याची वाट अरुंद होते ती याच वेळी. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात बाल्कनीतील उजवीकडची वाट खासगी बैठकीसाठी आणि वाढीव खुर्च्यांसाठी बंद करण्यात आली होती. १३ जून १९९७ रोजी तेथे धुराने गुदमरून ५९ जणांचे प्राण गेले. फेरबदल करताना तो कोणालाच घातक वाटला नसावा.

प्रथम मापाचा हिशेब पाहू. चौकटीचे बाहेरून माप ९० सें.मी. असेल, तर दोन्ही बाजूंच्या सहा-सहा सें.मी. लाकडाने ते ७८ वर येते. उघडलेल्या झडपेची जाडी आणखी तीन-चार सें.मी. खाते. म्हणजे हाती उरतात सुमारे ७४ सें.मी. चाकांची खुर्ची साधारण ६५ ते ७० सें.मी. रुंद असते, ती ढकलणाऱ्याची बोटे चौकटीला घासणारच. जुन्या घरांतील दोन झडपांच्या दारात बहुधा एक झडप खिटी लावून कायम बंद असते; मग दार चार फुटी असूनही वाट दोन फुटांचीच राहते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान एक मीटर सांगितली आहे. म्हणून सुताराला माप देताना चौकटीचे न देता मोकळ्या वाटेचे द्यावे.

रुंदीइतकेच महत्त्व वळणाला आहे. स्ट्रेचर सरळ दारातून जाते, पण अरुंद मार्गिकेतून काटकोनात वळत नाही. नकाशा पक्का करण्यापूर्वी नियोजित भिंती जमिनीवर खडूने आखाव्यात आणि रिकामी ट्रॉली प्रत्यक्ष फिरवून पाहावी. दहा मिनिटांच्या या प्रयोगाने पुढची तोडफोड वाचते.

बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या दिशेने उघडावे. मात्र उघडल्यावर त्याने मार्गिका अडवू नये. आतून ते किल्लीवाचून उघडले पाहिजे. विजेवर सरकणारे काचेचे दार असेल, तर वीज गेल्यावर ते हाताने उघडता येते का, हे बसवणाऱ्याकडून करून दाखवून घ्यावे.

राहता राहिला मागचा जिना. नूतनीकरणात जागा अपुरी पडली की जुन्या फायली, औषधांची खोकी आणि मोडक्या खुर्च्या तेथेच जातात आणि चोरीच्या भीतीने दाराला कुलूप लागते. धूर वर चढतो. मुख्य जिना धुराने भरला की हीच एक वाट उरते. आपल्या रुग्णांपैकी कितीतरी जण स्वतःच्या पायांनी चालू शकत नाहीत. त्यांना उचलून नेणाऱ्या दोघांना त्या जिन्यावर खोकी बाजूला सारण्याइतका वेळ मिळत नाही.

नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी सर्व कर्मचाऱ्यांसह, दिवे मालवून, एकदा मागच्या जिन्याने खाली उतरून पाहावे. जेथे कोणी अडखळेल, तेथे काम अजून पूर्ण झालेले नाही असे समजावे.